गाळावरचं अभयारण्य

निफाड मागे टाकून नांदूर मध्यमेश्वरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना द्राक्षबागा सुरू होतात, मग ऊस, मध्येच कांद्याची हिरवी पात. थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी इथं चांगलीच हुडहुडी भरते. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचं नाव हमखास असतं, ती नोंद जवळच्याच कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली. पक्षी पाहायला निघालेल्या माणसाची नजर या पिकांवर फारशी ठरत नाही. त्याला घाई असते तळ्याकाठच्या चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर चढायची. पण तळ्याआधी हे शिवारच नीट पाहावं. घाटमाथ्याच्या पावसाला मुकलेल्या या पट्ट्यात ऊस आणि चक्रवाक एकाच पाण्यावर जगतात. ते पाणी दोघांपैकी कुणाच्याही वाट्याला आपोआप आलेलं नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाल्यावर १९०१ साली सिंचन आयोग नेमला गेला. त्याच काळात गोदावरीचं पाणी कालव्यांत वळवायची योजना आकाराला आली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर १९०७ च्या सुमारास नांदूरच्या बंधाऱ्याचं बांधकाम सुरू झालं, आणि वर इगतपुरीकडे दारणा धरण १९१६ मध्ये पुरं झालं. कामाची वाटणी सोपी होती: पाणी साठवायचं दारणेनं, ते नदीतून खाली सोडायचं, आणि नांदूरच्या बंधाऱ्यानं अडवून डाव्या-उजव्या दोन्ही कालव्यांत ढकलायचं. येवला, कोपरगाव, राहात्याकडच्या शेतीचा चेहरा या पाण्यानं बदलला. बंधारा बसका असल्यामुळे मागचं पाणी खोल न जाता परातीसारखं पसरलं. त्र्यंबक आणि दिंडोरीकडून वाहत आलेली माती तिथं वर्षानुवर्षं बसत राहिली, तिची बेटं झाली, बेटांवर पाणकणीस आणि लव्हाळे माजले. अभियंत्याच्या वहीत याला साठवणक्षमता घटणं म्हणतात. पक्ष्यांच्या दृष्टीनं मात्र तळं तिथूनच सुरू झालं. १९८६ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. रामसरच्या नोंदीत इथल्या ५३६ प्रजाती आहेत.

गाळामुळे नेमकं काय साधलं, हे मनोऱ्यावरून दुर्बीण लावली की समजतं. सारखी खोली कुठंच नाही. मधल्या पाण्यात लालसरी बुडी मारून तळाचं खाते. त्याहून उथळ भागात तलवार बदकं शेपट्या वर करून डोकं पाण्यात खुपसतात, आणि थापट्या बदक आपली फावड्यासारखी चोच पाण्यावरून फिरवत बारीकसारीक गाळून घेतं. काठच्या चिखलात शेकाटे आणि तुतवार. पाणकणसाच्या कडेला जांभळी पाणकोंबडी कोंब उपटते, लांब बोटांच्या मुठीत धरते आणि सोलून आतला मऊ गाभा खाते; हे बघत अर्धा तास सहज जातो. पाण्याची पातळी हातभर वर गेली तर चिखलातल्या पक्ष्यांचं ताट जातं, खाली आली तर बुडी मारणाऱ्यांचं. आणि ही पातळी ठरते कालव्यांत पाणी सोडण्याच्या आवर्तनांवर. तेव्हा, माझ्या मते, या अभयारण्याची हद्द नकाशावर शोधण्यापेक्षा पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकात शोधावी. तिथं पक्ष्यांचा विचार होत नसेल, तर नुसत्या पाट्या, मनोरे आणि पहारेकरी फार काही वाचवू शकणार नाहीत.

यावर कुणी म्हणेल, माणसानं केलेलं तळं ते, त्याला अभयारण्याचा थाट कशाला? नांदूरला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात ते कौतुकानं, पण इथं ती तुलना फार उपयोगी पडते. भरतपूरचं केवलादेवही माणसाच्या हातचंच आहे. सूरजमल राजानं अठराव्या शतकात बांधलेल्या अजान बांधाचं पाणी तिथं येतं, आणि पुढं संस्थानिकांनी ते बदकांच्या शिकारीसाठी राखलं. १९८५ मध्ये ते जागतिक वारसा स्थळ झालं. तरी या शतकाच्या सुरुवातीला वरच्या पांचना धरणाच्या पाण्यावरून वाद पेटला, तेव्हा त्या दर्जानं त्याची तहान भागली नाही. तळं कृत्रिम असणं हे त्याकडे दुर्लक्ष करायचं कारण होऊ शकत नाही. उलट जे माणसाच्या हातानं चालतं त्यावर माणसानं जास्त लक्ष ठेवावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो गावातून येतो: गाळानं पूर तुंबतो, गाळ काढा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सायखेडा आणि चांदोरी ही गावं पाण्याखाली गेली होती. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना पाणथळ जागा पूर शोषून घेते असं सांगणं उर्मटपणाचं ठरेल. पात्रातला मुख्य प्रवाह जिथं तुंबतो तिथला गाळ काढायला पक्षिप्रेमींनी हरकत घेऊ नये. मात्र साठा वाढवण्यासाठी सगळं तळंच खरवडायचं, हा हिशेब पटत नाही. साठवण हे या बंधाऱ्याचं मुख्य काम कधी नव्हतंच, ते दारणा आणि गंगापूरसारख्या वरच्या धरणांचं. कडेचा उतरता गाळ गेला तर शेतीला थोडं पाणी मिळेल आणि खाणं मिळवायच्या जागा मात्र जातील. नाशिकचं सांडपाणी आणि त्यावर पोसलेल्या पाणवेली यांचा बंदोबस्त दोघांनाही हवा आहे, त्याबद्दल भांडण असायचं कारण नाही.

राहतो पाण्याच्या वाटपाचा प्रश्न. नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा वाद जुना आहे. जायकवाडीला सोडलेलं पाणी याच बंधाऱ्यावरून पुढं जातं, आणि पावसाळ्यात इथले क्युसेकचे आकडे पैठणपर्यंत वाचले जातात. इतक्या ओढाताणीत पक्षी आणखी एक वाटेकरी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण पक्ष्यांना पाणी पिऊन संपवायचं नाही, ते फक्त पायाखाली हवं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पातळी एकदम न उतरवता टप्प्याटप्प्यानं उतरवली तर कालव्यांना त्यांच्या हक्काचं पाणी मिळेल आणि दर आठवड्याला नवा चिखल उघडा पडेल. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनाच्या तारखा ठरतात, तिथंच हा मुद्दा मांडला जायला हवा. पक्षी पाहायला जाणाऱ्यानंही निघण्याआधी चापडगावच्या गाईडला फोन करून आवर्तन सुरू आहे का एवढं विचारून घ्यावं. पाणी उतरत असेल तर मनोऱ्यापेक्षा काठाकाठानं चालणं बरं.