वालुकाश्माच्या वाटेवर

आपली मुले अमेरिकेच्या पश्चिम भागात राहत असतील, तर युटा राज्यातील झायनचा रस्ता अवश्य पाहावा. पायपीट न करता, मोटारीत बसूनही तो मनसोक्त पाहता येतो. स्प्रिंगडेलहून पूर्वेकडे निघालेली वाट वळणे घेत चढते आणि १९३० साली खुल्या झालेल्या, सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरते. बोगद्याच्या भिंतीत मधूनमधून खिडक्या कोरल्या आहेत. क्षणभर उजेडाची लाल चौकट दिसते, की पुन्हा अंधार.

पलीकडे डोंगरांचे रूपच पालटते. जुरासिक काळातील अफाट वाळवंटाच्या टेकड्या दबून, घट्ट होऊन हा वालुकाश्म झाला. लोहाच्या ऑक्साइडने त्याला गेरूचा रंग दिला. चेकरबोर्ड मेसा या डोंगरावर रेघांची चौकडी आहे. आडव्या रेघा त्या काळच्या वाऱ्याने रचलेल्या थरांच्या, उभ्या रेघा नंतर पडलेल्या भेगांच्या. माझी एक्याऐंशी वर्षांची आई म्हणाली, “हे तर चौकड्याचं लुगडं रे!”

तिथेच ती गाडीतून उतरली आणि झोक जाऊन दाराला धरून उभी राहिली. तिची पाण्याची बाटली सकाळपासून भरलेलीच होती. “सारखं थांबायला कुणाला सांगायचं?” एवढेच ती म्हणाली. मी डॉक्टर, बाटल्या मोजून गाडीत ठेवल्या होत्या, घोट मोजले नव्हते. त्यात रक्तदाबासाठी तिला लघवी वाढवणारी गोळी चालू. मागच्या आसनावर निजवून, पाय उंचावून घोटघोट पाणी दिले, तेव्हा चेहऱ्यावर रंग आला.

वाळवंटाची हवा फसवी असते. घाम दिसण्याआधीच वाळतो, आणि उतारवयात तहानेची जाणीवही मंदावते. म्हणून तहानेची वाट न पाहता थोडेथोडे पीत राहावे. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर प्रमाण आधीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. इन्सुलिन बंद गाडीत ठेवून उतरू नये. सोबतच्या मंडळींनी निघतानाच पुढचे स्वच्छतागृह कुठे आहे ते मोठ्याने सांगावे. विचारण्याचा संकोच वृद्धांना, विशेषतः आपल्या आयांना, फार असतो.

दुसऱ्या दिवशी व्हर्जिन नदीकाठच्या पारुस नावाच्या फरसबंद वाटेवर आईला चाकाच्या खुर्चीतून नेले. निघण्यापूर्वी तिने स्वच्छतागृहाची पाटी स्वतः शोधली, आणि मग अर्धी बाटली संपवली.