जांभळाचा बर्फ

अंबरनाथ पूर्वेस ज्येष्ठाच्या तोंडावर जांभळांच्या पाट्या दिसू लागल्या, की त्यांचा गर काढून, काळे मीठ घालून तो गोठविण्याचा बेत आमच्या घरी ठरतो. यंदा मधुमेही वडिलांसाठी मी साखर मुळीच घातली नाही. जे गोठले, त्याने इ. स. १०६० मधील आमच्या शिवालयाच्या शिळेशीच नाते सांगितले! साखर केवळ गोडीसाठी नसते, ती पाण्याला दगड होऊ देत नाही, हे ज्ञान मला सुरी वाकल्यावर झाले. दुसऱ्या खेपेस दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडून बर्फाचे कण मोडीत राहावे लागले. ते काम वडिलांनी आपण होऊन मागून घेतले. वर्षभर माझ्या पथ्याच्या पहाऱ्यात मुकाट जेवणारे वडील जांभळी जीभ दाखवीत म्हणाले, "मीठ जरा कमी पडलंय."