नियम कोणाच्या हाती?

सी भाषेतला प्रोग्राम कंपाइल झाला की त्यातला प्रत्येक निर्णय पक्का होतो. कॉलेजात असताना मला त्या पक्केपणाचीच ओढ होती. पुढे भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत पंपांच्या चाचणीचं सॉफ्टवेअर लिहायला लागले. प्रेशर आणि फ्लोची रीडिंग घ्यायची, पंप पास की नापास ते सांगायचं. रीडिंग घेण्याचा कोड वर्षानुवर्षं तसाच राहायचा. पास-नापासाचे नियम मात्र नवं मॉडेल आलं की बदलायचे. मग आम्ही पुन्हा कंपाइल करून नवी फाइल शॉप फ्लोअरवर न्यायचो. चाचणी विभागाचे मेस्त्री एकदा म्हणाले, "मॅडम, पंप रोज माझ्या हाताखालून जातो. मग नियम तुमच्या कॉम्प्युटरमध्ये कशाला?"

ब्राझीलमध्ये असाच प्रश्न आधी पडून गेला होता. पेट्रोब्रास या तेल कंपनीतल्या अभियंत्यांना आणि भूगर्भशास्त्रज्ञांना आपापले प्रोग्राम स्वतः जुळवून घ्यायचे होते, आणि ते काही पेशाने प्रोग्रामर नव्हते. १९९३ मध्ये रिओच्या कॅथलिक विद्यापीठातल्या रोबेर्तो इएरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी त्यातूनच लुआ ही भाषा घडवली. तिचा इंटरप्रिटर म्हणजे सीची एक लायब्ररीच. आपल्या प्रोग्रामला जोडली की झालं.

ती आमच्या प्रोग्रामला जोडल्यावर मी जे पाहिलं त्याचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही. सी आणि लुआ एकमेकींच्या वस्तूंना थेट हात लावत नाहीत; दोघींच्या मध्ये एक स्टॅक असतो. स्क्रिप्टमधलं फंक्शन नावाने शोधून त्यावर ठेवायचं, त्यावर प्रेशर, त्यावर फ्लो. मग पी-कॉल, म्हणजे संरक्षित कॉल, करायचा: आर्ग्युमेंट दोन, उत्तर एक. लुआ तिन्ही उचलते, फंक्शन चालवते आणि त्याच जागी उत्तर ठेवते. ते वाचून आपण काढून टाकायचं, नाहीतर प्रत्येक कॉलगणिक स्टॅक चढत जातो. सीमध्ये मेमरी आपण सांभाळायची, लुआमध्ये गार्बेज कलेक्टर ती आपोआप मोकळी करतो. स्टॅकवर असलेली वस्तू वापरात आहे हे त्याला कळतं, म्हणून ती मध्येच नाहीशी होत नाही.

मेस्त्रींनी पहिला नियम स्वतः लिहिला. त्यात एका व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलं, त्यामुळे लुआ एका आकड्याची तुलना 'निल'शी, म्हणजे नसलेल्या किमतीशी, करायला गेली. साधा कॉल असता तर आख्खा प्रोग्राम तिथेच बंद पडला असता. पी-कॉलमुळे ताबा सीकडे परत आला आणि स्टॅकवर संदेश मिळाला, फाइलचं नाव आणि ओळीच्या क्रमांकासकट. रीडिंग चालूच होती. मेस्त्रींनी ती ओळ शोधली, एक अक्षर बदललं, फाइल सेव्ह केली. पुढचा पंप त्यांच्या नियमाने तपासला गेला.

नंतर नोकऱ्या बदलल्या, तरी ही रचना भेटत राहिली. रेडिस या डेटाबेसमध्ये २.६ आवृत्तीपासून सर्व्हरच्या आतच लुआ स्क्रिप्ट चालवता येऊ लागली. फोटो निगुतीने हाताळणाऱ्या लाइटरूममध्ये लुआ आहे, मी रोज वापरते त्या निओव्हिम एडिटरमध्येही आहे. एका कामात सीमधून पायथॉनची फंक्शन्स बोलवावी लागली. तिथे असा स्टॅक नाही. प्रत्येक ऑब्जेक्टचा रेफरन्स काउंट आपणच वाढवायचा, आपणच कमी करायचा. शिस्त वेगळी, पण सीमेवर कोणाची जबाबदारी कुठे संपते ते स्पष्ट असावं लागतं, हे तिथेही तितकंच खरं.

आता नव्या प्रोग्रामचा आराखडा समोर आला की मी आधी विचारते, यातलं कोण काय ठरवणार? यंत्राच्या स्वभावाने जे ठरतं ते खुशाल कंपाइल करावं. माणूस अनुभवाने जे ठरवतो ते त्याला वाचता आणि बदलता येईल अशा फाइलमध्ये ठेवावं. आणि ज्याच्यावर नियम सोपवले त्याची चूक झेलायची तयारी कॉल करणाऱ्याने आधीच करून ठेवावी. एवढी तयारी असेल तरच आपण त्या माणसावर खरोखर विश्वास टाकला असं म्हणता येईल.