उसनी तबकडी

बदलीच्या नोकरीत घर बदलताना सामानाची यादी करावी लागते, आणि प्रत्येक यादीच्या तळाशी काही वस्तू अशा निघतात की ज्या आपल्या नव्हेत. कोणाची छत्री, कोणाचे पुस्तक, कोणाची खलबत्त्यातली मुसळी. आमच्या यादीत गेली वीस वर्षे एक चित्रपटाची तबकडी आहे. 'वेकिंग नेड' हे त्या चित्रपटाचे नाव, साल १९९८. शिलाँगच्या आमच्या कार्यालयात हाताखाली काम करणाऱ्या एका खासी गृहस्थांनी २००३च्या पावसाळ्यात ती आम्हास पाहावयास दिली होती.

हे गृहस्थ शिलाँगमधल्या, आयरिश ख्रिस्ती बंधूंनी काढलेल्या शाळेत शिकलेले. हिशेबाच्या टिपणीतही त्यांचे इंग्रजी थोडे गात गात चाले. तबकडी मेजावर ठेवून ते म्हणाले होते, "सर, ह्यातला काटकुळा म्हातारा अवश्य पाहा. आम्हांला भूमिती शिकवणारे ब्रदर हुबेहूब असेच बोलत." आम्ही मान हलवली, आणि तबकडी अर्धवार्षिक हिशेबाच्या कागदांखाली गेली. नंतर त्यांनी एकदोनदा विचारले. पाऊस फार आहे, वीज जाते, असे काहीसे आम्ही सांगितले. शिलाँगमध्ये ही सबब नेहमीच खरी असते.

तो काटकुळा म्हातारा म्हणजे डेव्हिड केली. ह्या नटाचा जन्म डब्लिनमध्ये १९२९ साली झाला. त्यांचे शिक्षणही सिंज स्ट्रीटवरील ख्रिस्ती बंधूंच्याच शाळेत झाले. तेव्हा शिलाँगच्या विद्यार्थ्याला त्या बोलण्यात आपला ब्रदर सापडला ह्यात नवल नव्हते. वयाच्या आठव्या वर्षी ते गेइटी नाट्यगृहाच्या रंगमंचावर उभे राहिले. परंतु नाटकावर पोट भरेलच असा भरवसा नसल्याने त्यांनी आराखडे काढण्याचे आणि सुलेखनाचे शिक्षणही घेऊन ठेवले. आमच्या वडिलांनी आम्हास टंकलेखनाची परीक्षा द्यावयास लावली, तीच ही बुद्धी. आयर्लंडातील मध्यमवर्ग आणि सदाशिव पेठ ह्यांत ह्या बाबतीत समुद्र आडवा येत नाही.

१९५४ साली ब्रेंडन बिहानच्या 'द क्वेअर फेलो' ह्या नाटकाच्या डब्लिनमधील पहिल्या प्रयोगात ते होते. पण नाव झाले ते १९५९ साली, सॅम्युअल बेकेटच्या 'क्रॅप्स लास्ट टेप'मुळे. ह्या नाटकात पात्र एकच. एकोणसत्तराव्या वाढदिवशी क्रॅप नावाचा म्हातारा ध्वनिमुद्रण यंत्रासमोर बसतो, आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी स्वतःच भरून ठेवलेला आवाज ऐकतो. त्या तरुण आवाजाचा डौल ऐकून तो हसतो, चिडतो, एका जागी थांबतो, फीत मागे फिरवतो, तेच पुन्हा ऐकतो. ही भूमिका केली तेव्हा केली तिशीच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे म्हाताऱ्याने ज्या तरुणाचा आवाज ऐकावयाचा, त्या तरुणाहूनही ते लहान! पुढे साठी उलटल्यावर डब्लिनच्या गेट थिएटरच्या बेकेट महोत्सवात त्यांनी तोच क्रॅप पुन्हा उभा केला. दोन्ही प्रयोग पाहिलेला एखादा डब्लिनकर असेल, तर त्याचा आम्हास हेवा वाटतो. पहिल्या वेळी पांढऱ्या केसांसाठी रंग लागला असेल. दुसऱ्या वेळी काय लागले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक.

मधली वर्षे मात्र बेकेटची नव्हेत. ती लंडनच्या दूरचित्रवाणीची आहेत. 'फॉल्टी टॉवर्स' ह्या मालिकेच्या १९७५ सालच्या एका भागात केलींनी ओ'रायली नावाचा स्वस्तातला आयरिश गवंडी केला. हॉटेलमालक पैसे वाचवण्यासाठी त्याला बोलावतो, आणि त्याची माणसे भोजनगृहाचे दारच बुजवून टाकतात. शेवटी मालकीणबाई त्याला छत्रीने बडवते. सगळे काम मिळून काही मिनिटांचे. पण इंग्लंडात रस्त्यावरचा माणूस त्यांना जन्मभर ओळखत राहिला तो त्या काही मिनिटांमुळे. त्यानंतर १९७७ ते १९८१ ह्या काळात 'रॉबिन्स नेस्ट' मालिकेत त्यांनी एका उपाहारगृहात भांडी घासणारा माणूस केला. त्याला हात एकच. दोन धड हात असलेला नट ही सारी वर्षे एक हात दडवून बशा विसळत होता.

परक्याच्या पडद्यावर आपला माणूस कोणत्या वेषात येतो, हे आम्हां मराठी लोकांस सांगावयास नको. हिंदी चित्रपटात आम्ही हवालदार असतो किंवा भांडीवाली बाई असतो, आणि आमचे हिंदी हे विनोदाचे एक स्वतंत्र साधन असते. अलाहाबादला आणि भोपाळला असताना शेजाऱ्यांबरोबर असे चित्रपट पाहून आम्हीही हसलो आहोत. केलींना त्या गवंड्याचा राग होता की काय, ते आम्ही सांगू शकत नाही. पण भाग पुन्हा पाहताना एक जाणवते. तो गवंडी मूर्ख असला तरी केलींनी त्याला क्षुद्र केलेला नाही. मार खातानाही त्याच्या चेहऱ्यावर एक प्रसन्न निष्काळजीपणा आहे, आणि आपले मन मालकाकडे न जाता त्याच्याकडे जाते.

स्वदेशाने त्यांना वेगळे काम दिले. आयरिश दूरचित्रवाणीने १९८० साली जेम्स प्लंकेटच्या 'स्ट्रम्पेट सिटी' ह्या कादंबरीवर सात भागांची मालिका केली. विषय १९१३ सालच्या डब्लिनमधील टाळेबंदीचा. कामगारपुढारी लार्किनच्या भूमिकेत पीटर ओ'टूल होता. तरीही मालिकेचे नाव काढताच आयरिश माणसाला आठवतो तो केलींचा रॅशर्स टियर्नी: तळघरात राहणारा, टिनची बासरी वाजवून पैसे मागणारा, एका कुत्र्याखेरीज जगात कोणी नसलेला भिकारी. संपाच्या धामधुमीत कोणाचे लक्ष नसताना तो मरतो. पुढाऱ्याचे भाषण विसरले जाते आणि बासरी राहते. कामगारांच्या इतिहासाला हा न्याय आहे की नाही ह्याची चर्चा करता येईल; नटाला मात्र आहे.

असो. आम्ही त्या तबकडीकडे परत येतो. जानेवारी २००४ मध्ये आमचे ते खासी सहकारी दोन दिवसांच्या आजाराने वारले. कार्यालयात शोकसभा झाली. आम्ही जवळजवळ दहा मिनिटे बोललो. ते कार्यालयाचा आधार होते, त्यांच्या टिपणीतील आकडा कधी फिरवावा लागला नाही, असे आम्ही सांगितले. ते अक्षरशः खरे होते. सभेतील काही जणांचे डोळे ओले झाले, आणि आमचेही झाले.

त्याच आठवड्यात सौभाग्यवतींनी कागदांखालून तबकडी काढली. "अहो, त्यांचीच ना ही? निदान आता तरी पाहू या." आयर्लंडातील एका चिमुकल्या खेड्याची गोष्ट, चित्रीकरण मात्र आइल ऑफ मॅन बेटावरचे. नेड नावाच्या म्हाताऱ्याला सोडतीत जवळजवळ सत्तर लाख पौंड लागतात, आणि त्या धक्क्यानेच तो हातात तिकीट धरून मरतो. मग जॅकी आणि मायकेल हे दोन मित्र ठरवतात की मायकेलने नेड व्हावे आणि पैसे घ्यावेत. मायकेल म्हणजे केली. सोडतीचा अधिकारी अचानक येतो, आणि समुद्रस्नानाला गेलेला हा सत्तरीचा सांगाडा उघड्या अंगाने मोटारसायकलवरून घर गाठतो. येथे आम्ही दोघेही मनसोक्त हसलो. घरात सुतक असल्यासारखे वातावरण होते ते त्या मोटारसायकलने मोडले.

पुढे नेडचा अंत्यविधी चाललेला असतो. जॅकी मृताविषयी बोलावयास उभा राहतो, तोच दारातून सोडतीचा अधिकारी आत येतो. आता नेडचे नाव घेणे शक्य नाही. तेव्हा जॅकी क्षणभर थांबतो आणि मायकेलचाच मृत्युलेख बोलू लागतो. समोर मायकेल जिवंत बसलेला. मित्र आपल्याला किती मोलाचा होता हे जॅकी सांगतो, आणि मेलेल्या माणसाला आपल्याविषयीचे हे शब्द ऐकता येत नाहीत ह्याची खंतही सांगतो. केलींना तेथे एकही वाक्य नाही. ते फक्त ऐकतात. चेहऱ्यावरील सुरकुत्या हळूहळू सैल होतात, जणू लहान मुलाला कोणी अनपेक्षितपणे जवळ घेतले आहे.

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. आम्ही उठून पाणी प्यालो.

कारण शोकसभेत जे सांगितले नव्हते ते आम्हास ठाऊक होते. त्या गृहस्थांचे गोपनीय अहवाल पाच वर्षे आमच्याच लेखणीने लिहिले गेले. प्रत्येक वर्षी आम्ही 'गुड' लिहिले. बढतीला 'व्हेरी गुड' लागते हे माहीत असून लिहिले. त्यात द्वेष नव्हता. आमच्या आधीच्या अधिकाऱ्यांनी तेच लिहिले होते, आणि शेरा वर नेला तर समर्थनाचा परिच्छेद लिहावा लागतो. तो परिच्छेद आम्ही शोकसभेत बोललो. ऑक्टोबरमध्ये बढतीची यादी लागली तेव्हा त्यांचे नाव तीत नव्हते. त्या दिवशीही त्यांनी तबकडी पाहिली का म्हणून हसत विचारले होते.

केलींना त्या मायकेलने उशिराचे दिवस दाखवले. अमेरिकेतील पडद्यावरील नटांच्या संघटनेने साहाय्यक भूमिकेच्या पारितोषिकासाठी त्यांचे नाव घेतले. २००५ साली 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'मध्ये ते अंथरुणाला खिळलेले आजोबा झाले. नातवाला सोन्याचे तिकीट मिळताच हे आजोबा पलंगावरून उडी मारून नाचू लागतात. आमच्या नातीने तो नाच किती वेळा पाहिला त्याची गणती नाही. त्याच वर्षी आयरिश चित्रपट व दूरचित्रवाणी अकादमीने त्यांना जीवनगौरव दिला. म्हणजे मृत्युलेख त्यांनी प्रत्यक्षातही ऐकला. पडद्यावर तो वाचणारा जॅकी, स्कॉटिश नट इयन बॅनन, मात्र तोवर नव्हता; १९९९ साली मोटार-अपघातात तो गेला होता.

फेब्रुवारी २०१२ मध्ये केली वारले. ती बातमी वाचून आम्ही शिलाँगला त्या सहकाऱ्यांच्या कन्येस पत्र लिहिले, आणि तबकडी कोणत्या पत्त्यावर पाठवावी असे विचारले. अहवालाचा उल्लेख करण्याचे धैर्य झाले नाही. दोन आठवड्यांनी उत्तर आले. तिने लिहिले होते की तबकडी आपणाजवळच असू द्यावी. पप्पांनी घरासाठी तेव्हाच दुसरी आणली होती, कारण सरांना वेळ मिळावयाचा नाही असे ते म्हणत असत.