दंडावरचा सेन्सर आणि पंधरा मिनिटांचा धीर

देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आपण ती बातमी वाचली असेल. त्या कोटींपैकी मी एक. माझा मधुमेह टाइप १ प्रकारचा. इन्सुलिनवाचून चालत नाही, आणि दंडावर नाण्याएवढा सेन्सर सतत चिकटवलेला असतो.

या सेन्सरचा बारीक तंतू त्वचेखाली, पेशींच्या अवतीभवती असलेल्या द्रवात बसतो. तंतूवरील ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण होते, त्यातून अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मिळतो आणि त्यावरून काढलेला आकडा फोनवर उमटतो. म्हणजे हे उपकरण थेट रक्तातली साखर मोजत नाही. रक्तातला बदल या द्रवात दिसायला साधारण ५ ते १० मिनिटे लागतात.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही एका रात्री फोनचा गजर वाजला: ६२, आणि खाली वळलेला बाण. अंगाला घाम सुटला होता, हात थरथरत होते. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायलो. पाच मिनिटांनी पडद्यावर ५८. पुन्हा साखर. मग ५५, आणि मी बिस्किटांचा पुडा फोडला. रक्तातली साखर एव्हाना चढू लागली असावी. पडदा मात्र मागचीच हकिकत सांगत होता. पहाटे आकडा २८० वर पोहोचला. प्रयोगशाळेत उपकरणाचा विलंब विचारात घेतल्याशिवाय निष्कर्ष न काढणारा मी, स्वतःच्या देहापुढे ते साफ विसरलो होतो.

आता डॉक्टरांनी सांगितलेला नियम कसोशीने पाळतो: १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटे प्रतीक्षा, आणि शंका वाटल्यास बोटातून थेंब काढून ग्लुकोमीटरवर खात्री. झोपेत सेन्सर अंगाखाली दाबला गेला तरी आकडा खोटाच खाली जातो, हेही अनुभवाने कळले.

या उपकरणाचे ऋण मात्र मोठे आहे. जेवणानंतर चालावे, हे वर्षानुवर्षे ऐकत होतो. भात खाऊन बसून राहिलेल्या आणि वीस मिनिटे चाललेल्या अशा दोन रात्रींचे आलेख शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा कुठे ती सवय जडली.

दोन आठवडे टिकणाऱ्या अशा सेन्सरला हजारो रुपये पडतात. त्या कोटींतल्या बहुतेकांना ते परवडणारे नाहीत. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, अशा उपकरणाची पुढची बातमी वाचाल तेव्हा विचारा: ते नेमके काय मोजते, किती उशिराने, किती चुकीसह, आणि कोणाच्या दंडापर्यंत पोहोचते?