निकामी ठरविलेले सेल

घरांतील एखादी वस्तु निकामी झाली, असा निकाल देण्याची घाई आपणां सर्वांसच असते. बिचाऱ्या वस्तूस वाचा नसते. तेव्हां तिची बाजू मांडणार कोण? मागील वर्षीं आमच्याकडे असा निकाल एका डिजिटल कॅमेऱ्यावर लागला.

कॅमेरा आत्याबाईंच्या यजमानांचा. ते आज हयात नाहींत. आत्याबाईंचें सहस्रचंद्रदर्शन जवळ आलें तेव्हां त्यांनीं एकच इच्छा बोलून दाखविली, "सर्वांचा एक फोटो त्यांच्याच कॅमेऱ्यानें काढा." धाकट्या भावानें चार नवे अल्कलाइन पेन्सिल सेल आणून घातले. भिंग बाहेर आलें, दोन फोटो निघाले आणि पडदा काळा झाला. "आत्या, हा आतां संपला," तो म्हणाला. आत्याबाई कांहींच बोलल्या नाहींत. पदरानें कॅमेरा पुसून त्यांनीं तो कपाटांत ठेवून दिला. मला तें पाहवलें नाहीं.

वस्तुतः कॅमेऱ्याची तक्रार सेलांविषयीं होती. नवा अल्कलाइन सेल दीड व्होल्ट दाब दाखवितो. पुन्हां पुन्हां भरतां येणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल अवघा १.२. परंतु भिंग सरकवितांना व फ्लॅश भरतांना कॅमेरा एकाएकीं मोठा प्रवाह मागतो. अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध अधिक, म्हणून त्या क्षणीं त्याचा दाब खचतो. दुसरा आंकड्यानें उणा असूनहि भार सोसतो. कॅमेऱ्याची ही भूक जन्मापासूनचीच आहे. १९७५ सालीं कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन यांनीं पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचें चित्र अवघें ०.०१ मेगापिक्सेलचें, तें कॅसेटवर नोंदण्यास २३ सेकंद लागत, आणि सेल मात्र सोळा, निकेल-कॅडमियमचे!

सेलांच्या खणांत आणखी एक विघ्न होतें. जुना अल्कलाइन सेल पाझरला कीं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतें आणि धातूच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो; त्यानें रोध अधिकच वाढतो. हें द्रव्य त्वचेस व डोळ्यांस अपायकारक, म्हणून हातमोजे घालून मीं व्हिनेगरनें किंचित् ओलसर केलेल्या कापसाच्या बोळ्यानें तो थर पुसला, ओल टिपली, खोडरबरानें पट्ट्या उजळल्या आणि खण रात्रभर वाळूं दिला. नंतर एकाच जातीचे, एकाच वेळीं भरलेले चार निकेल-मेटल हायड्राइड सेल घातले. हे सेल नुसते ठेवले तरी हळूहळू ओसरतात. यास्तव ते समारंभाच्या आदल्या रात्रींच भरले. (ज्यांच्या कॅमेऱ्यांत लिथियम-आयन बॅटरी असेल त्यांनीं ती फुगल्यास पुन्हां भरूं नये व घरच्या कचऱ्यांतहि टाकूं नये.)

समारंभाच्या दिवशीं कॅमेरा दुपारपर्यंत चालला. आत्याबाई मध्यें बसल्या, भोंवतीं सारें कुटुंब. पडद्यावरील फोटो त्यांनीं बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "त्यांचेंहि येणें झालें म्हणावयाचें."

कॅमेऱ्यानें नाकारलेले ते चार सेल आम्हीं टाकले नाहींत. भिंतीवरील घड्याळास अत्यल्प प्रवाह पुरतो. त्यांतील एका सेलावर बैठकींतील घड्याळ कित्येक महिने बिनचूक चाललें. एका कामास जो पुरत नाहीं, तो सर्वच कामांस अपुरा असतो असें नाहीं. चार पिढ्या एका छपराखालीं नांदविणाऱ्या वाचकांस हें अधिक फोडून सांगावयास नकोच.