आखाडाचा कोंबडा

आषाढी एकादशी झाली, पंढरपूरची गर्दी ओसरली, की आमच्या करकंबात आखाडाची बोलणी सुरू होतात. पुढं श्रावण. मग महिनाभर घरात मटण-कोंबडं शिजायचं नाही. म्हणून दिव्याच्या अवसेच्या आत लेकी-जावयांना जेवायला बोलवायचं. आमच्या सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यामुळं आमचं कालवण परड्यात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. पण त्यांनी कधी कुणाच्या जेवणात मोडता घातला नाही.

गेल्या वर्षी थोरल्या लेकीच्या लग्नानंतरचा पहिला आखाड होता. जावयांना गावरान कोंबड्याचं जेवण घालायचं, हे घरात ठरलेलं.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या घरी कोंबडा विकत कशाला आणायचा? बरोबर आहे तुमचं. मी या घरात आले तेव्हा दारात पंधरा-वीस कोंबड्या होत्या. शाळूच्या खळ्यावर सांडलेले दाणे वेचून त्या पोट भरायच्या. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि पाण्याबरोबर या भागात ऊस वाढत गेला. आमच्या रानातही हळूहळू शाळूच्या जागी ऊस आला. मळणीचं खळं गेलं, आणि खळ्यामागं कोंबड्याही गेल्या.

तर यांनी एका बाजारातून कोंबडा आणला. तांबडा, तुरेवाला, दिसायला झकास. विकणाऱ्यानं शपथेवर गावरान म्हणून दिला. डालग्याखाली ठेवला तर तो ना माती उकरी, ना आरवी. सासूबाई माळकरी, पण कोंबड्या पाळण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी कोंबडा हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ह्याच्या चोचीचं टोक कापलंय. तळपाय बघ कसं मऊ हायेत. ह्यानं कधी उकिरडा बघितला न्हाई." रात्री तो घरच्यांसाठीच शिजवला. अर्ध्या तासात मांस हाडापासून सुटलं. गावरान कोंबडा एवढ्यात कुठला शिजतो!

इथं एक सांगते. संशोधकांनी तयार केलेल्या जाती वाईट नाहीत. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या संशोधन केंद्राची वनराज, या परसात पाळण्यासाठीच काढलेल्या आहेत. त्या गावरान कोंबडीपेक्षा अंडी जास्त देतात, वजनही लवकर धरतात. ज्याला परवडेल त्यानं जरूर पाळाव्यात. पण एक दाखवून दुसरं विकायचं, ही लबाडी. शिवाय कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

दुसऱ्या दिवशी मी ओढ्यापलीकडच्या मावशींकडं गेले. एकट्या बाई, लेक गेलेला, पदरात नात. त्यांच्या दारातला कोंबडा शेवग्यावर चढून बसलेला. मावशींनी आठशे रुपये सांगितले. आदल्या दिवशीच फसल्यामुळं मी तोंड घट्ट केलं आणि म्हणाले, "मावशी, सहाशे देते."

मावशी रागावल्या नाहीत. जवळ बसवून म्हणाल्या, "बाय, मार्गशीर्षात खुडूक कोंबडी तेरा अंड्यांवर बसवली. एकवीस दिवसांनी धा पिल्लं निघाली. दोन घारीनं नेली, दोन मुंगसानं. उन्हाळ्यात मानमोडी आली, तिच्यात चार गेली. ऱ्हायली ही तलंग आन् ह्यो कोंबडा. तू एकाचं पैसं देतीयास, मी धांना दाणा घातलाय. ह्या पैशात पोरीच्या वह्या आन् दप्तर यायचंय."

मला काही बोलता येईना. उसाचं बिल घरात येतं, ते घरधन्याच्या नावावर. अंड्या-कोंबड्यांचा पैसा तेवढा बाईच्या कनवटीला राहतो. आणि तोच आपण घासून घेतो. मी आठशे मोजले. जेवणाला जावईबापूंनी भाकरी कुस्करून तीनदा रस्सा मागून घेतला. पण माझ्या डोक्यात ती मेलेली चार पिल्लं घोळत होती.

मानमोडीलाच पुस्तकात राणीखेत म्हणतात. एकदा लागली की औषध नाही, आधी लस देणं हाच उपाय. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात किंवा नाकात लसीचा थेंब, आणि पुढं साधारण दोन महिन्यांनी टोचणी. ही लस थंड ठेवावी लागते, आणि एक बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांना पुरते. फोडली की थोड्या तासांत संपवावी लागते. पाच-सहा कोंबड्यांची मावशी ती एकटी कशी फोडणार? आम्ही वस्तीवरच्या आठ घरच्या बायकांनी मिळून जनावरांच्या दवाखान्यात विचारलं आणि एकाच दिवशी सगळ्यांच्या पिल्लांना लस दिली.

दुसरी गोष्ट विसाराची. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी सण असतो. त्याला टर्की नावाचा मोठा पक्षी शिजवतात. तिथं जवळच्या शेतकऱ्याकडचाच पक्षी हवा असणारे लोक सणाच्या कितीतरी आधी त्याला सांगून, विसार देऊन ठेवतात. मग पाळणाऱ्याला घोर नाही आणि घेणाऱ्याची फसवणूक नाही. बैलाला विसार देणारे आपण, कोंबड्याला का देऊ नये? गेल्या मार्गशीर्षात मावशींची कोंबडी खुडूक झाली तेव्हाच मी जाऊन त्यांच्या हातावर तीनशे रुपये ठेवले. त्या म्हणाल्या, "कोंबडा मेला तर?" मी म्हणाले, "तर आपल्या दोघींचा मेला."

यंदा अकरा पिल्लं निघाली. दोन घारीनं नेली. मानमोडीनं एकही नेलं नाही. नऊ पक्षी दारात हिंडतायत, त्यांत चार कोंबडे. एकाचा विसार माझा, दोघांचा शेजारणींचा. चौथ्याला गिऱ्हाईक आलं होतं, पण मावशींनी तो विकला नाही. म्हणाल्या, "एक तरी नर दारात ऱ्हायला पायजे. न्हाईतर फुडल्या साली काय बसवू?"

तेव्हा बायांनो, आखाड तोंडावर आल्यावर बाजार धुंडाळू नका. मार्गशीर्षातच शेजारणीचं दार वाजवा. आणि तिनं सांगितलेली किंमत घासण्याआधी, तिची किती पिल्लं निघाली आणि किती जगली, तेवढं विचारा.